वस्तीजवळ पोल्ट्री शेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर आम्ही आठ वर्षं ब्रॉयलरचे, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचे, दोन शेड चालवले. ते बंद करून काही वर्षं झाली. आता आमच्या घराच्या पश्चिमेला, तीन शेतं सोडून, दुसऱ्या कुणाचं अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड उभं आहे. म्हणजे वास देणाऱ्याच्या ओट्यावरही मी बसलेय आणि तो वास घेत भाकरीही थापलीय. दोन्ही बाजूंची माणसं मला प्रश्न पाठवतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. शेड उभं राहायच्या आधी जो हे वाचेल त्याला सगळ्यात जास्त उपयोग होईल.

१. "मोठी पोल्ट्री" म्हणजे नेमकी किती कोंबड्यांची?

गावात पाच हजारांच्या शेडलाही मोठी पोल्ट्री म्हणतात. कागदावर हिशेब वेगळा आहे. पूर्वी पोल्ट्रीला पाणी आणि हवा प्रदूषणाच्या कायद्यांखालच्या परवानगीतून सूट मिळत होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२० मध्ये ही सूट पुन्हा तपासायला सांगितली आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये पोल्ट्रीची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. त्यानुसार एका जागी २५,००० किंवा जास्त पक्षी असतील तर राज्य मंडळाची दोन संमतीपत्रं लागतात: एक उभारणीच्या आधी, दुसरं चालवण्यासाठी. ५,००० ते २५,००० पक्ष्यांची शेडंही १ जानेवारी २०२३ पासून या चौकटीत आली.

५,००० च्या आतल्या शेडला संमतीपत्र लागत नाही. पण शेजाऱ्याला त्रास दिला तर उपद्रवाचा कायदा पाचशे कोंबड्यांनाही लागतो (प्रश्न १०).

२. वास कशाचा येतो? आणि पावसाळ्यातच इतका का?

वास ओलाव्याचा असतो. कोंबडीच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. विष्ठा कोरडी राहिली तर ते बऱ्यापैकी शांत पडून राहतं. ओल लागली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि तोच डोळ्यांत चुरचुरतो. शेडमध्ये अमोनिया दहा लाख भागांत २५ भागांच्या वर जाऊ नये असं मानतात. त्यापुढे पक्ष्यांचे डोळे आणि फुप्फुसं बिघडतात, आत काम करणाऱ्या माणसांचीही.

ब्रॉयलरच्या शेडमध्ये खाली भाताचं तूस किंवा भुईमुगाची टरफलं अंथरतात, त्याला सगळे लिटर म्हणतात. ते तपासायला यंत्र लागत नाही. मूठभर लिटर हातात घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर लिटर ओलं आहे. हलकेच फुटला तर बरोबर आहे. गोळा झालाच नाही, नुसती धूळ उडाली, तर फार कोरडं आहे आणि आता पिल्लं शिंकायला लागतील. आमच्याकडे रोज संध्याकाळी मी हे शेडच्या चारही कोपऱ्यांत करायचे. ओला कोपरा बहुतेक वेळा गळक्या निपलखालचा (कोंबड्या चोचीने दाबून पाणी पितात ती तोटी) निघायचा. दहा रुपयांचं वॉशर बदललं नाही म्हणून अख्ख्या वस्तीने नाक धरलेलं मी पाहिलंय.

आता घरापर्यंत वास कधी पोहोचतो ते बघा. हिवाळ्यात पहाटे आणि दिवेलागणीला, वारा पडलेला असताना, गार हवा जमिनीलगत बसते आणि ओढ्याच्या अंगाने उताराकडे सरकते. वासही तिच्याबरोबर जातो. त्यामुळे शेडच्या खालच्या अंगाला तीनशे मीटरवर राहणाऱ्याला जो त्रास होतो, तो वरच्या अंगाला शंभर मीटरवर राहणाऱ्याला होत नाही. दुपारी अकराला पाहणीला आलेले साहेब "वास तर काहीच नाही" म्हणतात, ते बऱ्याचदा खरंच बोलत असतात. त्यांना सकाळी साडेसहाला बोलवा.

३. घरापासून ५०० मीटरच्या आत शेड बांधता येत नाही, असा कायदा आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि गावसभेत सगळ्यात जास्त भांडणं याच आकड्यावरून होतात.

आकडा खरा आहे. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निवासी भागापासून ५०० मीटर, मोठ्या जलप्रवाहापासून आणि विहिरीसारख्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून १०० मीटर, राष्ट्रीय महामार्गापासून १०० मीटर, राज्य महामार्गापासून ५० मीटर आणि गावरस्त्यापासून १० ते १५ मीटर अशी अंतरं दिली आहेत. कारणही तिथेच लिहिलं आहे: वास आणि माशा.

मात्र त्या ५०० मीटरच्या आधी "शक्यतो" असा अर्थ असलेला शब्द आहे. आणि जागेचे हे निकष नव्या शेडसाठी आहेत. त्यामुळे "मोजा अंतर आणि पाडा शेड" इतकं ते सोपं नाही. दुसरी अडचण "निवासी भाग" या शब्दांची. गावठाण त्यात येतं यावर कुणी वाद घालत नाही. शेतात विखुरलेल्या चार-पाच घरांच्या वस्तीवर मात्र हमखास वाद होतो, आणि आपल्याकडे निम्मी माणसं अशाच वस्त्यांवर राहतात.

तरीही या आकड्याला मी कमी लेखणार नाही. शेड उभं राहायच्या आधी, संमतीपत्राच्या अर्जाच्या वेळी, तुम्ही लेखी हरकत नोंदवली आणि सोबत नकाशावर घरं दाखवली, तर "शक्यतो" लाही वजन येतं. अंतर का पाळता आलं नाही, असं अर्जदाराला विचारता येतं. शेड उभं राहिल्यावर, बँकेचा हप्ता सुरू झाल्यावर, तोच आकडा निम्मा दुबळा होतो. गावात पाया खणताना दिसला की त्याच आठवड्यात विचारा: किती पक्षी, कुठल्या जातीचे, संमतीपत्र कुठे आहे?

४. ब्रॉयलर आणि लेअर, शेजाऱ्याला जास्त त्रास कुठल्याचा?

माझ्या अनुभवात लेअरचा, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा.

ब्रॉयलरची बॅच सुमारे चाळीस-बेचाळीस दिवसांची. शेवटच्या दहा दिवसांत वास वाढतो, मग पक्षी उचलले जातात, लिटर बाहेर निघतं, शेड धुऊन काही दिवस रिकामं राहतं. शेजाऱ्याला मधे मधे श्वास घ्यायला मिळतो. त्रास असतो तो रात्रीच्या गाड्यांचा. पक्षी रात्री शांत असतात आणि गारव्यात मरत नाहीत, म्हणून पकडणं आणि भरणं रात्रीच होतं.

लेअरची कोंबडी साधारण अठरा-वीस आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते आणि पुढे वर्षभर किंवा जास्त पिंजऱ्यात असते. तिची विष्ठा पिंजऱ्याखाली साचत जाते. एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास ताजी विष्ठा टाकते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश पाणी असतं. दहा हजार कोंबड्या म्हणजे रोज एक टन. हा ढीग कोरडा ठेवला तर शंकूसारखा उभा राहतो. पाणी गळलं की पसरतो आणि त्यात अळ्या वळवळायला लागतात.

पंखे आणि ओले पॅड लावलेल्या बंद शेडमध्ये आतली हवा एका टोकाने फेकली जाते. ते टोक कुणाच्या घराकडे आहे हे नकाशातच बघून घ्या.

५. माशांचं काय करायचं? फवारणी करून चार दिवसांत पुन्हा येतात.

येणारच. फवारणीने उडणाऱ्या माशा मरतात, ढिगातल्या अळ्या राहतात. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून उपाय ढिगावर करायचा.

पाण्याच्या गळत्या बंद करणं हा पहिला उपाय. पिंजऱ्याखाली वारा खेळता ठेवणं हा दुसरा. आणि तिसरा फार कमी शेडवाल्यांना माहीत असतो: खत काढताना तळ खरवडून काढू नका. खालचा वीतभर कोरडा थर राहू द्या आणि एका वेळी अर्ध्याच रांगा काढा. त्या जुन्या थरात माशांची अंडी आणि अळ्या खाणारे बारीक किडे असतात. सगळं साफ केलं की ते जातात आणि पंधरा दिवसांनी माशांचा लोंढा येतो. खत काढायचं ते कोरड्या दिवसांत, भर पावसात कधीच नाही. अळ्या रोखणारं सायरोमेझिनसारखं औषध खाद्यातून देतात, पण ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच.

शेजाऱ्यांनी एक करावं. स्वयंपाकघरात आणि ओसरीत एकेक कोरं पोस्टकार्ड टांगा आणि आठवड्याने त्यावरचे माशांचे काळे ठिपके मोजा. "लई माशा हायेत" याला उत्तर देता येतं. "गेल्या आठवड्यात चाळीस ठिपके होते, या आठवड्यात दोनशे" याला देता येत नाही.

६. आमच्या जवळपास शेडच नाही, तरी अचानक माशा कुठून?

बांधाबांधाने फिरून कोंबडी खताचा ढीग शोधा. ऊस, टोमॅटो, द्राक्ष, कांदा करणारे शेतकरी कच्चं खत ट्रकने आणतात आणि लागवडीपर्यंत महिनाभर उघड्यावर टाकून ठेवतात. एका पावसाने तो ढीग माशांचं कोठार होतो. अशा वेळी बिचाऱ्या लांबच्या शेडवाल्याला शिव्या बसतात. जबाबदारी ढीग टाकणाऱ्याची असते. प्लास्टिकने घट्ट झाकला तर आतली उष्णता अळ्या मारते. आणि खत पसरलं त्याच दिवशी मातीत मिसळलं तर प्रश्नच मिटतो.

७. विहिरीचं पाणी खराब झालंय असं वाटतं. कसं कळणार?

वास आणि रंगावर जाऊ नका. कोंबडी खतातून पाण्यात उतरणारा नायट्रेट दिसत नाही, त्याला चवही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅम आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. सोबत जिवाणूंची तपासणीही मागा.

नमुना एकाच विहिरीचा देऊ नका. शेडच्या वरच्या अंगाची एक आणि खालच्या अंगाची एक, अशा दोन्ही विहिरींचा एकाच दिवशी द्या. उसाला टाकलेल्या युरियानेही नायट्रेट वाढतो. वरच्या विहिरीतही तो तितकाच असेल तर शेडवर आळ घेण्यात अर्थ नाही.

घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि नायट्रेट मर्यादेच्या वर निघाला, तर त्या पाण्यात बाळाची दूध-पावडर कालवू नका. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं.

८. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात. हे चालतं का?

अजिबात नाही. बॅचमध्ये शंभराला तीन ते पाच पक्षी मरणं नेहमीचं आहे. म्हणजे पाच हजारांच्या बॅचला दीडशे ते अडीचशे पक्षी. त्यांच्यासाठी विहीर आणि ओढ्यापासून लांब, झाकणाचा खोल खड्डा शेड बांधतानाच करायला हवा. उघड्यावर टाकलेल्या पक्ष्यांमागे कुत्री येतात, आणि आमच्या भागात कुत्र्यांमागे बिबट्या येतो. शाळेत जाणारी पोरं त्याच पायवाटेने जातात. ही तक्रार फोटोसकट त्याच दिवशी ग्रामपंचायतीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. एकाच वेळी खूप पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका आणि प्रश्न १५ वाचा.

९. ग्रामपंचायतीने ना हरकत दाखला दिलाय. आता गावसभेत ठराव करून शेड बंद करता येईल का?

नुसत्या ठरावाने चालू शेड बंद होत नाही. दिलेला दाखला मागे घ्यायचा तर आधी नोटीस द्यावी लागते आणि शेडवाल्याचं म्हणणं ऐकावं लागतं. घाईत केलेला ठराव पुढे टिकत नाही. तरी ठराव करा. त्यात घरांची संख्या, अंतर, त्रासाचे महिने लिहा आणि त्याची प्रत प्रदूषण मंडळाकडे आणि प्रांतांकडे पाठवा. "गावाचा विरोध आहे" एवढ्या एका ओळीच्या ठरावाचा कुणाला उपयोग होत नाही.

दाखला कुठल्या अटींवर दिला ते आधी माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचं शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. मी पाहिलेल्या एका दाखल्यात "माशांचा बंदोबस्त करीन" असं शेडवाल्याने स्वतः लिहून दिलं होतं. गावातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

१०. तक्रार कुठे करायची, आणि कुठल्या क्रमाने?

आधी शेडवाल्याला समोरासमोर सांगा, मग लेखी. पंधरा दिवस द्या.

त्यानंतर ग्रामपंचायत, पंचायत समितीचे पशुधन विकास अधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय, तिघांनाही एकाच तारखेचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मंडळाला एकच गोष्ट ठळक विचारा: या गट नंबरवरच्या शेडला संमतीपत्र आहे का आणि त्यात पक्ष्यांची संख्या किती आहे?

याने हललं नाही तर प्रांताधिकारी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुनं कलम १३३) उपविभागीय दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. एखाद्या धंद्यामुळे लोकांच्या आरोग्याला किंवा शारीरिक सुखाला बाधा येत असेल तर तो बंद करायला, हलवायला किंवा त्यावर अटी घालायला सांगता येतं. गावाकडच्या माणसाला हे सगळ्यात जवळचं दार आहे आणि सगळ्यात कमी वापरलं जातं. एकट्याच्या अर्जापेक्षा पाच-सहा घरांचा अर्ज चांगला, कारण इथे "सार्वजनिक" हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाच घराला त्रास असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई मागावी लागते.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे वकिलाशिवायही उभं राहता येतं. पण मुदत लक्षात ठेवा: वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, आणि योग्य कारण असेल तर आणखी साठ दिवस. नुकसानभरपाईसाठी मुदत पाच वर्षं आहे. "बघू, दिवाळीनंतर" म्हणत लोक दोन वर्षं काढतात आणि मग दार बंद झालेलं असतं.

११. पुरावा म्हणून काय ठेवायचं? वासाचा फोटो तर निघत नाही.

दोनशे पानी वही घ्या. रोज एक ओळ: तारीख, वेळ, वारा कुठून, वास शून्य ते पाच यांत किती, कोण घरी होतं. वास नसला तरी "शून्य" लिहा. रोज पाच लिहिलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही. दोन वेगळ्या घरांनी वेगळ्या वह्या ठेवल्या आणि तारखा जुळल्या, तर त्याहून भक्कम काही नाही. त्यासोबत पोस्टकार्डं (प्रश्न ५), पाण्याचे अहवाल (प्रश्न ७), आणि घरात दम्याचा माणूस असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तारखेसह.

१२. तीन भावांच्या नावाने २४,००० चे तीन शेड एकाच ठिकाणी आहेत. प्रत्येक जण म्हणतो, आम्ही २५,००० च्या आत. मग?

ही युक्ती आता बरीच दिसते. मार्गदर्शक तत्त्वांत मोजणी "एका जागी" असलेल्या पक्ष्यांची आहे, सातबाऱ्यावरच्या नावांची नाही. तेव्हा जागा एकच आहे हे दाखवा: फाटक एक, खाद्याचं गोदाम एक, बोअर एक, खताचा खड्डा एक, पिल्लांची गाडी एकाच दिवशी. हे मुद्दे मांडून मंडळाला एकत्र पाहणी करायला लेखी विनंती करा. शेड खरोखरच वेगळे असतील, मधे रस्ता आणि शेतं असतील, तर हा मुद्दा टिकणार नाही. आणि ५,००० च्या वर असल्यामुळे त्यांची तशीही सुटका नाही (प्रश्न १).

१३. शेड आधीपासून होतं, आम्ही घर नंतर बांधलं. आम्हाला तक्रारीचा हक्क आहे का?

आहे. सार्वजनिक उपद्रव कितीही वर्षं चालू असला तरी जुना झाला म्हणून तो कायदेशीर होत नाही. पण खरं सांगायचं तर अशा प्रकरणात अधिकारी आणि गाव दोघांचीही सहानुभूती शेडकडे झुकते, आणि त्यात मला अन्याय दिसत नाही. शेड हलवा असं न म्हणता शेड कोरडं ठेवा असं म्हणा. ते मिळण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते.

नेमकं उलटंही होतं. दहा वर्षांपूर्वी पाच हजारांचं असलेलं शेड पन्नास हजारांचं होतं आणि मालक म्हणतो, "आमचं शेड तुमच्या घराच्या आधीचं." जुनं होतं ते पाच हजारांचं. वाढवलेलं नवीन आहे आणि त्याची परवानगी वेगळी लागते.

१४. मी शेडवाला आहे. कर्ज काढून शेड बांधलंय आणि आता गाव उठलंय. मी काय करू?

तुमचा प्रश्न मला जवळचा आहे.

आमच्या तिसऱ्या वर्षी, चैत्रात, शेजारच्या वस्तीवरच्या आत्या दुपारी आल्या. हातात स्टीलचं ताट, त्यावर पातळ ओढणी. ताट शेडच्या उंबऱ्यावर ठेवलं, ओढणी काढली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. ताटात वाळत घातलेल्या कुरडया होत्या, आणि पांढऱ्या कुरडया काळ्या दिसाव्यात इतक्या माशा त्यांच्यावर. तीन दिवस गहू भिजवून, चीक गाळून केलेल्या कुरडया. मी तिथेच खाली बसले. त्याआधी वर्षभर आम्ही म्हणत होतो, यांना आमचं बरं बघवत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही चार कामं केली. सगळे निपल बदलले. बाहेर काढलेलं लिटर उघड्यावर न टाकता त्याच दिवशी गाडीत भरायला सुरुवात केली. मेलेल्या पक्ष्यांचा खड्डा बांधून त्यावर लोखंडी झाकण बसवलं. वस्तीच्या बाजूने शेवरी आणि बांबूची दाट दुहेरी ओळ लावली. पहिल्या तिन्हींचा फरक एका बॅचमध्ये कळला, बांबूला तीन वर्षं लागली. पाचवी गोष्ट पैशाची नव्हती: लिटर काढायचा दिवस आम्ही आधी सांगायला लागलो, म्हणजे त्या दिवशी कुणी पापड घालायचं नाही. लग्न, दहावा, पूजा असेल तर आम्ही दिवस पुढे ढकलायचो.

एक सावधगिरी. वास आला की लोक ओल्या लिटरवर चुना मारतात. ओल्या लिटरवर चुना पडला की साठलेला अमोनिया एकदम सुटतो आणि दोन दिवस वास दुप्पट होतो. चुना दोन बॅचच्या मधे, रिकाम्या शेडला. भरल्या शेडमध्ये ओलं लिटर काढून नवीन तूस टाका.

१५. शेडमध्ये बर्ड फ्लू आला तर माझ्या परसातल्या कोंबड्याही मारतील का?

लागण नक्की झाली आणि तुमचं घर बाधित क्षेत्रात असेल, तर हो. केंद्राच्या २०२१ च्या कृती आराखड्यानुसार लागण झालेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारतात, परसातल्या चार कोंबड्याही. त्यांची भरपाई तुम्हालाही मिळते. मात्र आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही, त्यामुळे मर लपवण्यात सगळ्यांचंच नुकसान आहे.

देशात हा रोग पहिल्यांदा आपल्याकडेच सापडला, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आला, फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत. अचानक मोठी मर दिसली की पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी खायला हरकत नसते. मेलेले पक्षी हाताळणं हा खरा धोका.

१६. कोंबड्या कंपनीच्या, शेड शेतकऱ्याचं. मग जबाबदार कोण?

करारावरच्या ब्रॉयलरमध्ये पिल्लं, खाद्य, औषधं आणि सुपरवायझर कंपनीचे. शेड, लिटर, वीज आणि मजुरी शेतकऱ्याची, आणि त्याला किलोमागे संगोपनाचे पैसे मिळतात. त्रास झाला की नोटीस शेतकऱ्याच्या नावाने येते आणि कंपनी लांबून बघते. मला हे पटत नाही. किती पिल्लं टाकायची आणि पक्षी कधी उचलायचे हे कंपनी ठरवते. उचल आठ दिवस लांबली की शेवटच्या, सगळ्यात वासाच्या दिवसांत भर पडते. म्हणून तक्रारीची एक प्रत कंपनीच्या शाखेलाही पाठवा. शेतकऱ्यांनी करार करतानाच उचलीची कमाल तारीख लिहून घ्यावी.

१७. अमेरिकेत शेजाऱ्यांना कोट्यवधी डॉलर मिळाल्याची बातमी फिरते. खरी आहे का?

मूळ गोष्ट खरी आहे, फक्त पुढचा अर्धा भाग कुणी पाठवत नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्यात डुकरांचे प्रचंड फार्म आहेत. मैला उघड्या तळ्यांत साठवतात आणि शेतांवर फवारतात. डुकराच्या मांसाच्या स्मिथफील्ड या कंपनीच्या मर्फी-ब्राउन या उपकंपनीवर शेजाऱ्यांनी उपद्रवाचे दावे केले. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्यूरीने सहा शेजाऱ्यांना ४७ कोटी ३५ लाख डॉलर द्यायला सांगितलं, पण राज्याच्या कायद्यातल्या मर्यादेमुळे ते सुमारे साडेनऊ कोटींवर आले. नोव्हेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयाने पहिल्या खटल्यातली कंपनीची जबाबदारी कायम ठेवली, दंडाची रक्कम मात्र पुन्हा ठरवायला सांगितली, आणि पुढे तडजोड झाली. दरम्यान २०१७ आणि २०१८ मध्ये तिथल्या विधिमंडळाने असे दावे करणं अवघड करणारे बदलही करून टाकले. आपल्याला घेण्यासारखं इतकंच, की तिथल्या लोकांनी वापरलेला मुद्दा उपद्रवाचाच होता, आपल्या प्रश्न १० मधला.

१८. गाईंचा मोठा गोठा असेल तर हेच लागू होतं का?

तत्त्व तेच, कागद वेगळे. दुग्ध व्यवसाय आणि गोशाळांसाठी केंद्रीय मंडळाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यातली अंतरं पोल्ट्रीच्या आकड्यांवरून धरू नका. गोठ्यात भांडण बहुधा वाहत्या शेणपाण्याचं असतं. ते गोबरगॅसकडे वळवलं की बरंच मिटतं. तक्रारीचा क्रम प्रश्न १० प्रमाणेच.

१९. तक्रार केली तर भावकीत वैर येईल. न करता काही होईल का?

कधी कधी होतं. आमच्या पश्चिमेच्या शेडवाल्याशी आम्ही अजून लढतोय. दोन अर्ज दिलेत, वही चालू आहे. तरी मागच्या पावसाळ्याआधी मी त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि म्हटलं, "दादा, मला फक्त तुमच्या पिंजऱ्याखाली एकदा बघू द्या." तिसऱ्या रांगेत चार निपल गळत होते, खाली शंकूच्या जागी चिखल. त्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस लावला. पत्ते खेळणाऱ्या पोरांनी "मॅनेज झाली" म्हणून माझं नाव घेतलं, घेऊ देत. पोस्टकार्डावरचे ठिपके पुढच्या दोन आठवड्यांत एकशे ऐंशीवरून सत्तरवर आले. अर्ज मी मागे घेतलेले नाहीत, आणि हे त्यांनाही सांगितलंय.